परमनंट इलाज जरूर शोधा, पण इन्सुलिनला हात न लावता

वाचकाचं पत्र (थोडं कापून): "काकू, आम्ही लोकमान्य नगरला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरात टाइप वन डायबेटीस निघाला, शुगर ५४०, चार दिवस आयसीयूत होता. घरी आलो तेव्हा दिवसाला २४ युनिट इन्सुलिन लागायचं. राखीच्या सुमारास डोस कमी व्हायला लागला, आता ९ वर आलाय. गणपतीत मोठ्या दिरांनी उज्जैन रोडकडच्या एका वैद्यांची पुडी आणली, सासूबाई रोज सकाळी दुधातून देत होत्या, मला नंतर कळलं. आता घरात सगळे म्हणतात बघ, पुडीनं फरक पडला की नाही. वैद्य म्हणतात चाळीस दिवसांचा कोर्स, 'जड से खत्म', पण नवरात्रीपासून इन्सुलिन पूर्ण बंद करावं लागेल नाहीतर दवा असर करणार नाही. इकडे मामेभाऊ पुण्याहून रील्स पाठवतो की चीनमध्ये, अमेरिकेत स्टेम सेलनं डायबेटीस बरा झाला, आणि एका क्लिनिकनं आम्हाला साडेसहा लाखांचा आकडा सांगितलाय. आमचे डॉक्टर म्हणतात आयुष्यभर इन्सुलिन. मी नुसती सुया टोचत बसू का? आई म्हणून परमनंट इलाज शोधायला नको का?" – एक आई, इंदूर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी उद्या सकाळचं काम. पुडी बंद. इन्सुलिन जसं चालू आहे तसंच चालू, एक युनिटसुद्धा आपल्या मनानं कमी करायचं नाही. आणि उरलेल्या पुड्या फेकू नका, पिशवीत घाला आणि मुलाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, सरळ सांगा की गणपतीपासून हे दुधातून दिलंय. ओरडले तर ओरडू दे. डायबेटीसची जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन अशा साध्या ॲलोपथीच्या गोळ्या कुटून घातलेल्या आजवर कितीदा तरी सापडल्यात, आणि काही भस्मांमध्ये शिसं नि पारा. पोरगं आधीच इन्सुलिनवर, वरून पुडीत शुगर पाडणारी गोळी असली तर रात्री झोपेत शुगर खाली जाऊ शकते, म्हणून पुढच्या तीन-चार रात्री दोन-अडीचचा अलार्म लावून एकदा बोट टोचून बघा. घाम, थरथर, विनाकारण चिडचिड, किंवा मीटरवर सत्तरच्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत चेक. मुलगा नीट गिळत नसेल, शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, उचलायचं आणि हॉस्पिटल. लिव्हर-किडनीची एक साधी टेस्ट करायची का तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आता पुडीनं फरक पडला की नाही त्याकडे येऊ. मी डॉक्टर नाही हे जुन्या वाचकांना माहीत आहे, माझं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासण्यात गेलं, पण लॅबवाल्यांना एक सवय लागते, आकड्याच्या आधी तारीख बघायची. तुमच्याच पत्रात तारखा आहेत. डोस कमी व्हायला लागला राखीला. पुडी सुरू झाली गणपतीत. मध्ये जवळजवळ तीन आठवडे आहेत. जी वस्तू घरात आलीच नव्हती तिनं डोस कसा कमी केला? हे सासूबाईंना वाद न घालता, कॅलेंडर पुढ्यात ठेवून दाखवा, डायरीत रोजचे युनिट लिहिलेले असतीलच.

मग डोस कमी झाला कशानं? तर इन्सुलिननंच. टाइप वनमध्ये आपल्याच रोगप्रतिकारक पेशी पॅनक्रियातल्या, म्हणजे स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारत सुटतात. आजार उघडकीला येतो तेव्हा बऱ्याचशा गेलेल्या असतात पण सगळ्या नाही, काही उरलेल्या असतात आणि त्या इतक्या शुगरखाली दबून गेलेल्या असतात की काम करत नाहीत. बाहेरून इन्सुलिन सुरू झालं, शुगर खाली आली, की या उरलेल्या पेशी परत थोडं थोडं काम करायला लागतात, एकटीनं खटाटोप करणाऱ्या बाईला हाताखाली कोणी मिळालं की ती जशी पुन्हा उभी राहते तसं. मग बाहेरचं इन्सुलिन कमी लागतं. डॉक्टर लोक याला हनिमून म्हणतात, नाव चावट आहे पण तेच रूढ आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत हे सुरू होतं, पुढे काही महिने चालतं, क्वचित वर्षभर किंवा जास्त. काही मुलांचा डोस तर जवळजवळ शून्यावर येतो. आणि मग हळूहळू त्या उरलेल्या पेशीही जातात आणि डोस परत वर चढतो. तुमचा मुलगा जूनला सापडला आणि ऑगस्टात डोस खाली आला, म्हणजे अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चाललंय.

आता याच काळात जो कोणी पुडी, अंगठी, ताईत, नाडीपट्टी, काहीही घेऊन येईल त्याला फुकटचं श्रेय मिळतं, आणि हे वैद्यबुवांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. चाळीस दिवसांचा कोर्स का असतो? कारण चाळीस दिवस तरी हनिमून बहुधा टिकतोच. त्यात इन्सुलिन बंद केलं तर पोरगं पहिले चार-आठ दिवस बरं दिसेलही, घरात पेढे वाटले जातील, आणि मग एक साधा व्हायरल ताप येईल आणि सगळं कोसळेल. इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळतं, किटोन नावाचे आम्ली पदार्थ तयार होतात, रक्त आंबट होत जातं, मग पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास जोरजोरात नि खोल चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. जूनमध्ये तुम्ही हे बघितलंय, चार दिवस आयसीयूत उगाच नव्हतं ठेवलं. आणि लोक पोटदुखी नि उलट्या बघून म्हणतात बाहेरचं काही खाल्लं असेल, पोरगं जेवत नाही तर इन्सुलिन कशाला द्यायचं. हे सगळ्यात घातक. आजारपणात डोस किती हे डॉक्टर ठरवतील, पण टाइप वनमध्ये इन्सुलिन शून्य कधीही करायचं नाही.

कोणीतरी तुम्हाला सी-पेप्टाइड टेस्ट, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी रक्ततपासणी, करायला सांगेल, बघा पेशी जिवंत झाल्या म्हणून पुरावा दाखवायला. पैसे घालवू नका. हनिमूनमध्ये सी-पेप्टाइड दिसणारच, त्यानं पुडीचं काहीच सिद्ध होत नाही.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. इलाज शोधायला नको का? शोधायला पाहिजे. डॉक्टरांनी आयुष्यभर म्हटलं ते आजच्या तारखेला बरोबर आहे, पण आजची तारीख म्हणजे कायमची नाही, आणि असे आजार माझ्या नोकरीच्या काळात माझ्या डोळ्यांसमोर असाध्यच्या यादीतून बाहेर पडलेत. हेपटायटीस सी घ्या. आधी वर्ष-वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ताप, डिप्रेशन, केस गळणं, आणि तरी कितीतरी जण बरे व्हायचे नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, आता बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास माणसं बरी होतात, बरी म्हणजे खरोखर बरी. अमेरिकेत सुरुवातीला एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, पुढे भारतीय कंपन्यांना लायसन्स मिळालं आणि इथं किंमत कोसळली, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हे उपचार फुकट आहेत. लॅबमध्ये व्हायरल लोडच्या रिपोर्टवर 'नॉट डिटेक्टेड' छापलेलं बघून माणसं तिथंच काउंटरवर रडलेली मी बघितलीयत.

पण यातली एक गोष्ट नीट बघा. हेपटायटीस सी बरा झाला असं कधी म्हणतात? गोळ्या चालू असताना व्हायरस दिसला नाही तर नाही म्हणत. गोळ्या संपल्यावर बारा आठवडे थांबतात, मग तपासतात, तेव्हाही नसेल तर बरा. म्हणजे ज्यांच्याकडे खरा इलाज होता त्यांनी स्वतःच स्वतःची परीक्षा अवघड करून ठेवली. आणि उज्जैन रोडच्या वैद्यांनी परीक्षा कुठली निवडली? जिच्यात पोरगं आपोआपच पास होणार होतं ती. शिवाय फेल झालं तर उत्तर तयार असणार, तुम्ही पथ्य पाळलं नाही, तुम्ही इन्सुलिन उशिरा बंद केलं. ज्या इलाजात हरायची शक्यताच ठेवलेली नाही तो इलाज मी पुडीभरही घेणार नाही.

आपल्या इंदूरचंच बघा ना. एमवायमध्ये, आपल्या सरकारी हॉस्पिटलात, थॅलेसिमियाच्या मुलांचे बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेत. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायला लागणारं पोर त्यातून बाहेर येतं, यापेक्षा परमनंट काय असतं? पण त्यासाठी सख्ख्या भावा-बहिणीचा मॅरो जुळावा लागतो, जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक, आधी कीमो द्यावी लागते, आठवडेच्या आठवडे बंद खोलीत राहावं लागतं, धोका असतो आणि तो सही घेण्याआधी समोर बसवून सांगतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जीन दुरुस्त करणारा कॅसजेवी नावाचा उपचार आला, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं पहिली मान्यता दिली, महिन्याभरात अमेरिकेनं, तिथली किंमत २२ लाख डॉलर. कोणी चाळीस दिवसांत आणि बिनधोक कधी बोललं नाही. आणि या प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे जी आपल्या कामाची आहे: थॅलेसिमियाचं पोर ट्रान्सप्लांटला घेताना आधी बघतात की लिव्हर कसं आहे, रक्त चढवून चढवून शरीरात लोह किती साचलंय, रक्त वेळेवर चढवलंय का, लोह काढणारं औषध नीट घेतलंय का. ज्यांनी कंटाळवाणं रोजचं औषध नीट केलं त्यांना मोठ्या इलाजाचा फायदा जास्त होतो.

मामेभावाच्या रील्स खोट्या नाहीत हो, अर्ध्या आहेत. स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा पेशी. चीनमध्ये तियानजिनला एका २५ वर्षांच्या बाईच्या स्वतःच्याच पेशींपासून नव्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करून पोटाच्या स्नायूंच्या आवरणाखाली घातल्या आणि अडीच महिन्यांच्या आसपास तिचं इन्सुलिन सुटलं, २०२४ मध्ये हे छापून आलं. रील इथं संपते. रीलमध्ये हे नसतं की तिचं लिव्हर ट्रान्सप्लांट आधीच झालेलं होतं त्यामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती, म्हणून ती औषधं नसती तर शरीरानं त्या पेशी मारल्या असत्या की नसत्या हे त्यातून कळत नाही. अमेरिकेतला अभ्यास आणखी मोठा, जून २०२५ मध्ये आला, झिमिस्लेसेल नावाच्या पेशी लिव्हरच्या शिरेत सोडतात. पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षानंतर इन्सुलिनशिवाय होते. बारात दहा! हे वाचून मीही खुर्चीत सरळ होऊन बसले. पण त्यातच लिहिलंय की एकूण १४ जणांपैकी दोघं वारले, एकाचा डिमेन्शिया आधीपासूनचा होता तो बळावला, आणि दुसऱ्याला मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला, जो प्रतिकारशक्ती दाबल्यावर होऊ शकतो. कारण या पेशी टिकवायला ती औषधं घेतच राहावी लागतात. म्हणून तिथं घेतली होती फक्त मोठी माणसं, आणि तीही अशी की ज्यांची शुगर कळायच्या आत इतकी खाली जायची की जीव धोक्यात यायचा. नऊ वर्षांच्या, शाळेत पळणाऱ्या पोराला हा सौदा आज कोणी शहाणा डॉक्टर सुचवणार नाही. मात्र स्वीडनमध्ये उप्सालाला एका माणसाच्या हाताच्या स्नायूत जीन बदललेल्या पेशी घातल्यात, त्या ही दाबणारी औषधं न देताही जगल्या, इन्सुलिन बनवायला लागल्या. पेशी मुद्दाम थोड्याच घातल्या होत्या त्यामुळे त्याचं बाहेरचं इन्सुलिन सुटलेलं नाही, पण तुमच्या मुलाच्या दृष्टीनं मला विचाराल तर लक्ष ठेवण्यासारखी बातमी बारात दहावाली नाही, ही एका माणसाची आहे.

आता ते साडेसहा लाखवाले. त्यांना एकच विचारा की हे उपचार आहेत की ट्रायल, म्हणजे अजून चाचणी चालू असलेला प्रयोग? ट्रायल असेल तर पैसे कसले मागताय, आणि सरकारच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला, सीटीआरआयमधला नंबर द्या, भारतात २००९ पासून ट्रायल सुरू करण्याआधी तिथं नोंदवावीच लागते आणि कोणीही घरी बसून ती साइट उघडून नंबर तपासू शकतो. उपचार आहेत म्हणाले तर आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या स्टेम सेल गाइडलाइन्स काढून दाखवा, रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतला बोन मॅरो सोडला तर बाकी स्टेम सेल मान्यता मिळालेल्या ट्रायलच्या बाहेर वापरायच्याच नाहीत असं त्यात आहे. ते म्हणतील मॅडम आप समझ नहीं रहीं. हो, तसंच समजू दे.

वैद्यांसाठी तर कायदा आणखी जुना आहे. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट, त्याच्या यादीत डायबेटीस आहे, हा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणंच गुन्हा. तुम्ही पत्रासोबत त्या गुलाबी हँडबिलाचा फोटो पाठवलाय, वर गणपती, खाली 'शुगर, गठिया, दमा, बांझपन जड से', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'परिणाम व्यक्ति पर निर्भर'. चार आजारांची कारणं चार वेगवेगळी, औषध एकच, आणि जबाबदारी पेशंटची. हे आयुर्वेदाच्या विरोधात नाही बरं का, लगेच मला पत्रं लिहायला बसू नका. माझ्या ओळखीतले शिकलेले बीएएमएस डॉक्टर टाइप वनचं पोर आलं तर स्वतः म्हणतात इन्सुलिन चालू ठेवा, पचनाचं, भुकेचं काही असेल तर ते आपण बघू. म्हणून दिरांना एक काम सांगा, तुम्ही नका जाऊ. वैद्यांच्या लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबरसकट, पुडीत काय काय आहे आणि 'या मुलाचं इन्सुलिन अमुक तारखेपासून बंद करावे' असं लिहून, सही करून आणायचं. तोंडी गॅरंटी देणारा माणूस इतकं लिहून द्यायला का तयार नाही हे दिरांना तिथंच उभ्या उभ्या कळेल, तुम्हाला घरात भांडावं लागणार नाही.

आणि कोणी म्हणालं की अमक्याच्या काकांचा डायबेटीस शिबिरात जाऊन सुटला, तर तो खरा असू शकतो, पण तो टाइप टू. तिथं इन्सुलिन बनतं, शरीर ते नीट वापरत नाही, वजन उतरवलं की बऱ्याच जणांची शुगर औषधाशिवाय ताब्यात येते, ब्रिटनमध्ये २०१७ साली यावर मोठा अभ्यास आला, वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातले जवळजवळ निम्मे लोक वर्षभरात त्या अवस्थेत पोचले. त्याला ते लोक रेमिशन म्हणतात, आणि हनिमूनलाही कधी कधी रेमिशनच म्हणतात. नाव एक असलं तरी आजार दोन आहेत, काकांचा नुस्खा पुतण्याला चालत नाही.

नुसती सुया टोचत बसू का, हे वाक्य वाचून मला एक मुलगी आठवली, एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ मध्ये, अकरा वर्षांची असताना तिला हाच आजार झाला. तेव्हा इन्सुलिन नव्हतं. डॉक्टर ॲलन नावाचा एक कडक माणूस होता, त्याचा उपचार म्हणजे उपासमार, पोर मरणार तर आहेच पण खाणं तोडलं तर थोडं उशिरा मरेल.  या मुलीनं तीन वर्षं रोज तोलून मापून, उकळून सत्त्व काढून टाकलेल्या भाज्या खाल्ल्या, पंधरा वर्षांची होताना वजन जेमतेम वीस किलो. त्या तीन वर्षांत असंख्य लोक तेव्हाही वेगवेगळ्या पुड्या विकतच होते. आणि टोरंटोत १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट हे दोन संशोधक इन्सुलिनसाठी कुत्र्यांवर प्रयोग करत होते, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं ते फसलं, अर्क अशुद्ध होता, गळू झालं, मग त्यांचा सहकारी कॉलिप, त्यानं तो शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या इंजेक्शननं शुगर खाली आली. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ टोरंटोला पोचली. जिवंत पोचली, हे महत्त्वाचं. पुढे शिकली, लग्न केलं, मुलं झाली, १९८१ मध्ये ७३ व्या वर्षी गेली, तोवर चाळीस हजारांवर इंजेक्शनं घेऊन झाली होती. तिच्या घरच्यांनी तीन वर्षं काय केलं? वजनकाट्यावर भाज्या तोलून घेतल्या. त्याला नुसतं बसणं म्हणायचं का तुम्हीच ठरवा.

तुमच्याकडे तर तिच्यापेक्षा कितीतरी चांगली हत्यारं आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास संपला, १४४१ पेशंट, सगळे टाइप वन, त्यात शुगर घट्ट ताब्यात ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांचं नुकसान सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच लोकांना तपासत राहिले तर सुरुवातीच्या त्या चांगल्या वर्षांचा फायदा नंतरही टिकलेला दिसला. म्हणजे तुम्ही आत्ता, या हनिमूनच्या महिन्यांत, जे नीट सांभाळाल ते मुलाच्या डोळ्यांत नि किडनीत जमा होतंय. उद्या तो पेशींचा इलाज सगळ्यांसाठी आला तर रांगेत उभं राहायला शरीर धड पाहिजे ना. साडेसहा लाख असतील जवळ तर, खरं सांगते, सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावा, दंडाला चिकटवायचा असतो, बोट टोचणं कमी होईल आणि तुम्हाला रात्री झोप लागेल. इन्सुलिन पंपाचंही डॉक्टरांशी बोलून बघा. बाकीचे एफडीत टाका मुलाच्या नावानं.

इलाज शोधण्यासाठी वेळ ठरवून घ्या, रोज रात्री रील्स बघून रडायचं नाही. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसीला, म्हणजे सरासरी शुगरच्या टेस्टला, जाताच ना, तेव्हा डॉक्टरांना पाच मिनिटं मागा, नवीन काय आलं, आमच्या मुलाला लागू होतं का, किती मुलांवर झालं, त्यातल्या किती जणांना नाही झालं. शेवटचा प्रश्न सोडायचा नाही. आणि धाकटी मुलगी आहे लिहिलंय तुम्ही, तर तिची अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे आजाराची चाहूल रक्तात आधीच दिसते का ते बघणारी तपासणी, करावी का हे विचारा. भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी शंभरात पाचेकच, घाबरू नका, पण २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळालीय, ते आजार अंगावर यायच्या आधीच्या टप्प्यात दिलं तर आजार सरासरी दोनेक वर्षं लांबतो. कायमचा इलाज नव्हे, पण आजार आधी ओळखण्याला आता अर्थ आलाय.

सासूबाईंवर चिडू नका फार. नातवाला सुई टोचताना बघवत नाही म्हणूनच त्या बाईनं चोरून पुडी दिली. पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांना बरोबर न्या आणि हनिमूनचं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, सुनेच्या तोंडून ऐकलेलं कोणाला पटत नाही, आपल्याकडे तरी नाही. मीटर त्यांच्या हातात द्या, सकाळची शुगर बघून डायरीत लिहिण्याचं काम त्यांचं. दुधात काहीतरी घालायची सवय लागलीच असेल तर जायफळ घाला म्हणावं, चिमूटभर.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये पण विचारायला हवं होतं, शाळा. क्लास टीचरला सांगितलंय का? लपवू नका, लग्नाच्या वेळी अडेल वगैरे बोलणाऱ्यांना नऊ वर्षांच्या पोराच्या लग्नाची काळजी करू द्या. सीबीएसईनं २०१७ पासूनच टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ, गोळ्या, पाणी जवळ ठेवायची परवानगी दिलेली आहे, आणि बालहक्क आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना लिहिलंय की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळचं खाऊ द्या. दोन्हीच्या प्रिंट काढून प्रिन्सिपलना द्या, डॉक्टरांचं एक पत्र जोडा. पीटीच्या सरांना वेगळं भेटा, खेळाच्या तासाआधी शुगर बघायची आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असल्याशिवाय ग्राउंडवर सोडायचं नाही एवढं त्यांना पक्कं माहीत पाहिजे. आणि दप्तरात इन्सुलिन ठेवत असाल तर एप्रिल-मेमध्ये छोटा थंड पाऊच लागेल, इंदूरच्या उन्हात ते वर्गातल्या खिडकीशी ठेवलं तर खराब होतं आणि बाटलीकडे बघून ते कळतही नाही.

– काकू